आलिमाचे चरित्र कसे लिहावे: मौलाना अली मियाँ नदवी यांच्या जीवनाच्या आधाराने

मराठीत संतांची, समाजसुधारकांची, गवयांची आणि पुढाऱ्यांची चरित्रे विपुल आहेत. मुस्लिम आलिमांची, म्हणजे धर्मविद्येच्या विद्वानांची, मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही सहज आठवत नाहीत. एखाद्या ज्येष्ठ मौलानांचे निधन झाले, की चार ओळींची बातमी येते. तिच्यात त्यांना ‘मुस्लिम धर्मगुरू’ म्हटलेले असते, एखाद्या संस्थेचे नाव असते आणि गर्दीचा उल्लेख असतो. तो माणूस काय शिकला, कोणाकडे शिकला, त्याने काय लिहिले आणि त्याचे कोणाशी का पटले नाही, यांपैकी काहीच वाचकाच्या हाती लागत नाही. ही उणीव भरून काढू इच्छिणाऱ्या लेखकांसाठी, मग ते कोशातील नोंद लिहीत असोत, स्मरणिकेतील लेख लिहीत असोत किंवा दीर्घ चरित्र, ही मांडणी केली आहे.

उदाहरणासाठी मी मौलाना सय्यद अबुल हसन अली हसनी नदवी यांचे जीवन निवडले आहे. लोक त्यांना अली मियाँ म्हणत. उत्तर प्रदेशातील रायबरेलीजवळच्या तकिया या वस्तीत ते जन्मले, लखनौच्या नदवतुल उलेमा (थोडक्यात नदवा) या धर्मविद्येच्या संस्थेचे ते अडतीस वर्षे नाझिम, म्हणजे प्रमुख, होते, ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाचे दुसरे अध्यक्ष होते आणि अरबी भाषेत लिहून अरबांनाच विचार करायला लावणारे भारतीय लेखक होते. त्यांच्याविषयी उर्दू, अरबी आणि इंग्रजीत भरपूर साहित्य उपलब्ध असल्याने चरित्रलेखकाला पडणारे जवळजवळ सगळे प्रश्न या एका जीवनात भेटतात.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. राजकीय नेत्याचे चरित्र पदांच्या शिडीने लिहिता येते: सदस्य, आमदार, मंत्री. आलिमाचे चरित्र तसे लिहिले तर ते पोकळ होते, कारण पदे बहुधा उतारवयात येतात आणि ती येण्याआधीच त्या माणसाचे वजन ठरलेले असते. ते वजन ठरते ते त्याने कोणाच्या पायाशी बसून काय वाचले, कोणाला शिकवले आणि काय लिहिले यावरून. म्हणून टिपणे काढताना वहीचे पहिले पान पदांना देऊ नये, उस्तादांना द्यावे.

नाव नीट उलगडावे

मराठी वाचक कोणत्याही नावाच्या शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो. म्हणून ‘नदवी यांनी सांगितले’ अशी वाक्ये लिहिली जातात. नदवी हे आडनाव नाही. नदवतुल उलेमाच्या दारुल उलूममध्ये शिकून बाहेर पडलेला प्रत्येक जण स्वतःला नदवी म्हणवू शकतो. आणि असे हजारो आहेत. आपल्याकडे काशीहून शिकून आलेल्या माणसाच्या नावापुढे शास्त्री लागत असे, तसाच हा प्रकार आहे. देवबंदच्या दारुल उलूमचे पदवीधर त्या संस्थेचे संस्थापक मौलाना कासिम नानौतवी यांच्या नावावरून कासमी लावतात, सहारनपूरच्या मजाहिर उलूमचे मजाहिरी, मुबारकपूरच्या अशरफिया संस्थेचे मिस्बाही; आणि आपल्या मालेगावात मअहद-ए-मिल्लत या संस्थेतून शिकलेले आलिम मिल्ली म्हणवतात. हा शेवटचा शब्द ओळखता आला, की त्या माणसाच्या शिक्षणाचा आणि पुष्कळदा मसलकीचा, म्हणजे विचारपरंपरेचा, पत्ता आपल्याला पहिल्याच ओळीत मिळतो.

अली मियाँ यांच्या नावाचा प्रत्येक भाग असाच वाचावा. ‘सय्यद’ आणि ‘हसनी’ हे पैगंबरांचे नातू इमाम हसन यांच्यापर्यंत जाणारी वंशावळ सांगतात. ‘अली’ हे मूळ नाव. ‘अबुल हसन’ याचा शब्दार्थ ‘हसनचे वडील’ असा होतो. पण अली मियाँ यांना अपत्य नव्हते. हजरत अली यांचे ते उपनाव असल्यामुळे अली नावाच्या माणसाला परंपरेने ते जोडले जाते. हे ठाऊक नसलेला लेखक त्यांना हसन नावाचा मुलगा बहाल करून मोकळा होण्याची शक्यता असते. लेखात पहिल्यांदा पूर्ण नाव द्यावे आणि नंतर लोकांच्या तोंडचे नाव, म्हणजे अली मियाँ किंवा नुसते मौलाना, एकसारखे वापरावे.

बिरुदांच्या बाबतीतही काळजी घ्यावी. हाफिज म्हणजे ज्याला संपूर्ण कुराण मुखोद्गत आहे तो. कारी म्हणजे ज्याने कुराणपठणाचे शास्त्र शिकले आहे तो. आलिम म्हणजे ज्याने मदरशातील धर्मविद्येचा पूर्ण अभ्यासक्रम पुरा केला आहे तो. आणि उलेमा हे त्याचेच अनेकवचन असल्याने ‘एक उलेमा म्हणाले’ हे वाक्य चुकीचे ठरते. मुफ्ती होण्यासाठी आलिमाला फतवालेखनाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. देवबंदच्या प्रमुखाला मोहतमिम म्हणतात, नदवाच्या प्रमुखाला नाझिम, दर्ग्याच्या गादीवरील व्यक्तीला सज्जादानशीन. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, आणि या सगळ्यांना मिळून ‘धर्मगुरू’ म्हणणे तर फारच ढोबळ होते. सुन्नी परंपरेत दीक्षा देऊन नेमलेला पुरोहितवर्ग नाही. इजिप्तमध्ये मुफ्ती हे सरकारी पद आहे. भारतात सरकार असा कोणी नेमत नाही. अली मियाँ यांचा अधिकार कोणा शासनाकडून आलेला नव्हता. तो विद्या, घराणे आणि लोकांचा विश्वास यांतून आला होता, आणि हे एक वाक्य लेखात असलेच पाहिजे.

‘फतवा’ हा शब्द तर मराठीत जवळजवळ हुकूम या अर्थाने रुळला आहे. मूळ व्यवहारात कोणीतरी लेखी प्रश्न विचारतो, त्याला इस्तिफ्ता म्हणतात. मुफ्ती त्याचे शास्त्राधारे उत्तर देतो, तो फतवा. ते मत असते. ज्याच्या चरित्रात फतव्याचा प्रसंग येईल त्याच्या बाबतीत प्रश्न काय होता हे शोधून तोही द्यावा, कारण प्रश्नाशिवाय उत्तर छापले की माणसावर अन्याय होतो.

तारखा हिजरीतून तपासाव्यात

अली मियाँ यांच्या जन्माच्या दोन तारखा छापलेल्या आढळतात: 5 डिसेंबर 1913 आणि 24 नोव्हेंबर 1914. बहुतेक लेखक यांपैकी एक उचलतात आणि पुढे जातात. थोडा हिशेब केला तर गुंता सुटतो. हिजरी या इस्लामी चांद्र कालगणनेत 5 डिसेंबर 1913 म्हणजे 6 मोहरम 1332, आणि 24 नोव्हेंबर 1914 म्हणजे 6 मोहरम 1333. म्हणजे हिजरी दिवस आणि महिना एकच आहे, फक्त वर्षात एकाचा फरक आहे. जुन्या घराण्यांत जन्माची नोंद हिजरी पद्धतीने राही, तिचे रूपांतर नंतर कोणीतरी करी, आणि एका आकड्याने तारीख जवळजवळ वर्षभर पुढे सरके. अशा वेळी लेखात दोन्ही तारखा देऊन त्यांच्यामागचा हिजरी दिवस सांगावा. त्यापेक्षा जास्त खात्रीचा आव आणू नये.

हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने 33 हिजरी वर्षांत साधारण 32 इसवी वर्षे बसतात. उर्दू लेखात ‘वयाच्या नवव्या वर्षी’ असे लिहिलेले असेल तर ते वय कोणत्या वर्षांनी मोजले आहे ते पाहावे. बालपणी हा फरक नगण्य असतो, पण दीर्घायुषी माणसाच्या बाबतीत दोन-तीन वर्षांचा होतो. दुसरी अडचण चंद्रदर्शनाची. अली मियाँ यांचे निधन 31 डिसेंबर 1999 रोजी, शुक्रवारी झाले. भारतात त्या दिवशी 22 रमजान 1420 होता आणि सौदी अरेबियात 23 रमजान, म्हणून भारतीय आणि अरबी लेखांत एका दिवसाचा फरक दिसतो. ही कोणाची चूक नाही. लेखकाने इसवी तारीख पक्की धरून हिजरी तारीख तिच्याबरोबर, कोणत्या देशाची हे सांगून द्यावी.

उस्तादांची साखळी

या भागावर लेखाचा सर्वाधिक वेळ खर्च करावा. मुस्लिम विद्यापरंपरेत ज्ञानाची सनद माणसाकडून माणसाकडे जाते. हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने व आठवणी, शिकवणारा उस्ताद आपण हे कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून ऐकले, हे सांगत पैगंबरांपर्यंत पोहोचतो. आपल्याकडे ख्याल गायकाचे चरित्र घराण्याशिवाय पुरे होत नाही; आलिमाच्या बाबतीत तर ही गोष्ट शोभेची नाही, प्रमाणाची आहे.

सुरुवात घरापासून करावी. अली मियाँ यांचे वडील हकीम सय्यद अब्दुल हई हसनी हे नदवाचे नाझिम होते, वैद्यकी करीत होते, आणि भारतातील मुस्लिम विद्वानांची व थोर पुरुषांची चरित्रे देणारा ‘नुजहतुल खवातिर’ हा आठ खंडांचा अरबी ग्रंथ त्यांनी रचला होता. म्हणजे ज्याचे चरित्र आपण लिहायला बसलो आहोत त्याचा जन्मच चरित्रकाराच्या घरात झाला. 1923 मध्ये वडील गेले तेव्हा मुलगा आठ-नऊ वर्षांचा होता. पुढे त्याच मुलाने वडिलांच्या ग्रंथाचा अखेरचा खंड पुरा करून प्रसिद्धीला नेला. हा एक धागा धरून लेखक वडील, मुलगा आणि विद्या यांचे नाते फार सुंदर मांडू शकतो. त्यासाठी अलंकारिक विशेषणांची गरज पडत नाही.

वडिलांनंतर थोरले बंधू डॉ. सय्यद अब्दुल अली यांनी त्यांना वाढवले. आई खैरुन्निसा या स्वतः हाफिजा होत्या, प्रार्थनापर कविता लिहीत होत्या, आणि शिक्षणासाठी दूर असलेल्या मुलाला पत्रांतून वळण लावीत होत्या. बहीण अमतुल्लाह तस्नीम यांनी ‘रियाजुस्सालिहीन’ या प्रसिद्ध हदीससंग्रहाचा उर्दू अनुवाद ‘जाद-ए-सफर’ या नावाने केला. आलिमांच्या चरित्रांत घरातील स्त्रिया बहुधा ‘धार्मिक वृत्तीची माता’ एवढ्यावर संपतात. लेखकाने तसे करू नये. त्यांची नावे, त्यांचे शिक्षण आणि त्यांचे लेखन मुद्दाम शोधावे, कारण ते पुष्कळदा अस्तित्वात असते आणि कोणी विचारलेले नसते.

मग उस्ताद. अरबी भाषा त्यांनी मूळ येमेनी घराण्यातील शेख खलील अन्सारी यांच्याकडे शिकली आणि पुढे मोरोक्कोहून नदवात आलेल्या तकीउद्दीन हिलाली यांच्याकडे तिला धार लावली. हदीस मौलाना हैदर हसन खान टोंकी यांच्याकडे. काही काळ देवबंदला जाऊन मौलाना हुसैन अहमद मदनी यांच्या हदीसच्या पाठांना ते बसले. कुराणाचे भाष्य लाहोरला मौलाना अहमद अली लाहोरी यांच्याकडे. या यादीतून लेखकाने काय वाचावे? अरबी ज्यांच्याकडून आली ते अरब होते, म्हणून अली मियाँ यांची अरबी पुस्तकी राहिली नाही; 1931 मध्ये, विशीच्या आतच, त्यांचा एकोणिसाव्या शतकातील धर्मसुधारक सय्यद अहमद शहीद यांच्यावरील अरबी लेख कैरोच्या ‘अल-मनार’ मध्ये प्रसिद्ध झाला. मदनी हे स्वातंत्र्यलढ्यातील आणि फाळणीला विरोध करणाऱ्यांतील अग्रणी होते. लाहोरचे उस्ताद आत्मशुद्धीवर भर देणारे होते. एकाच विद्यार्थ्याने देवबंद, नदवा आणि लाहोर अशा तीन ठिकाणांहून घेतले, म्हणून पुढे कोणत्याही एका गटाच्या कुंपणात त्यांना बसवता आले नाही. साखळी लिहायची ती अशी, परिणाम दाखवत. नुसती नावांची माळ वाचक ओलांडून जातो.

ज्यांना ते भेटले पण ज्यांच्यापाशी थांबले नाहीत, त्यांचीही नोंद ठेवावी. 1941 मध्ये मौलाना मौदूदी यांनी जमात-ए-इस्लामीची स्थापना केली तेव्हा अली मियाँ तिच्यात गेले आणि काही वर्षांतच बाहेर पडले. मौलाना इलियास यांच्या तबलिगी, म्हणजे धर्मप्रबोधनाच्या, कार्याशी त्यांचा जिव्हाळा जडला. मौदूदींच्या राजकीय मांडणीवर त्यांनी पुढे स्वतंत्र पुस्तक लिहून मतभेद नोंदवला: धर्माचा गाभा सत्ता नसून ईश्वराशी असलेले नाते आहे, असा त्यांचा आग्रह होता. त्या पुस्तकाची भाषा आदराची आहे. आलिमांमधील मतभेद ‘गटबाजी’ म्हणून लिहिण्याचा मोह आवरावा. कोणत्या प्रश्नावर मतभेद होता हे समजून घेतले तर त्या काळातील विचारांचा नकाशाच हाती लागतो.

संस्था आणि पदे

हा भाग आटोपशीर ठेवावा. 1934 मध्ये ते नदवात शिक्षक झाले. 1961 मध्ये बंधूंच्या निधनानंतर नाझिम झाले आणि अखेरपर्यंत राहिले. 1962 मध्ये मक्केत स्थापन झालेल्या राबितातुल आलमिल इस्लामी या आंतरराष्ट्रीय मुस्लिम संघटनेचे ते संस्थापक सदस्य होते. 1980 मध्ये त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला. ऑक्सफर्डच्या इस्लामिक स्टडीज केंद्राच्या विश्वस्त मंडळाचे ते अध्यक्ष होते. 1983 पासून मृत्यूपर्यंत पर्सनल लॉ बोर्डाचे अध्यक्ष होते.

प्रत्येक संस्थेबद्दल एक-दोन वाक्यांत ती का निघाली हे सांगितले, तर पदाला अर्थ येतो. नदवा ही जुनी धर्मविद्या आणि नवे जग यांच्यात दुवा असावा या विचारातून 1890च्या दशकात उभी राहिलेली चळवळ होती आणि 1898 मध्ये तिचे दारुल उलूम लखनौत सुरू झाले. देवबंद त्याआधी 1866 पासून होते. पर्सनल लॉ बोर्डाची मुळे तर मुंबईत आहेत: डिसेंबर 1972 मध्ये मुंबईत भरलेल्या परिषदेतून त्याची कल्पना पुढे आली आणि 1973 मध्ये हैदराबादेत स्थापना झाली.

नदवाच्या नाझिमपदी वडील, भाऊ, स्वतः अली मियाँ, नंतर भाचे मौलाना राबे हसनी अशी एकाच घराण्याची नावे दिसतात. याकडे डोळेझाक करू नये आणि त्यावरून घाईने आरोपही करू नये. ही निवड संस्थेची समिती करते, आणि त्याच वेळी घराण्याचे वजनही असते. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहाव्यात.

ग्रंथ वाचल्याशिवाय चरित्र लिहू नये

आलिमाच्या ग्रंथांची संख्या मोठी असते आणि लेखक ‘शंभरांहून अधिक ग्रंथ’ अशा गोल आकड्यावर भागवतात. त्या आकड्यात चार पानांची व्याख्यानेही मोजलेली असतात. त्याऐवजी दोन-तीन पुस्तके निवडून ती खरोखर वाचावीत. अली मियाँ यांच्या बाबतीत पहिले अर्थातच 1950 मध्ये कैरोत प्रसिद्ध झालेले अरबी पुस्तक, ज्याच्या नावाचा अर्थ ‘मुसलमानांच्या अधःपतनाने जगाने काय गमावले?’ असा होतो. प्रश्नाची दिशा लक्षात घ्यावी: मुसलमानांनी काय गमावले असे ते विचारत नाहीत, जगाने काय गमावले असे विचारतात. 1951 मध्ये ते स्वतः कैरोला पोहोचले तेव्हा पुस्तक त्यांच्या आधी तेथे पोहोचलेले होते. भारतातील एका मदरशाच्या शिक्षकाने अरबांच्या भाषेत अरबांना त्यांच्या जबाबदारीची आठवण करून द्यावी, हे त्या काळी नवलाचे होते. याच पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीला इजिप्तचे लेखक सय्यद कुत्ब यांची प्रस्तावना आहे. पुढे कुत्ब यांचे नाव राजकीय इस्लामच्या ज्या विचारधारेशी जोडले गेले तिच्यामुळे हा तपशील काही लेखक वगळतात आणि काही त्यावरच सारा लेख उभारतात. प्रामाणिक मार्ग असा, की प्रस्तावना नोंदवावी आणि त्याचबरोबर राजकीय इस्लामवर अली मियाँ यांनी नंतर केलेली टीकाही नोंदवावी.

दुसरे, ‘तारीख-ए-दावत-ओ-अजीमत’ ही अनेक खंडांची मालिका, ज्यात त्यांनी शतकाशतकांतील सुधारकांची चरित्रे लिहिली. तिसरे, ‘कारवान-ए-जिंदगी’ हे त्यांचे उर्दू आत्मचरित्र. आत्मचरित्र हे साधन म्हणून अमोल असते, पण ते एका बाजूचे असते. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. अनेक धर्मांचे लोक त्यांना भेटू लागले, आणि त्याच वर्षी विशी ओलांडलेले अली मियाँ इस्लामचे निमंत्रण घेऊन मुंबईला आले, असे त्यांची अरबी व उर्दू चरित्रे सांगतात. मराठी लेखकाने हा प्रसंग घेतला तर त्या काळातील मराठी वृत्तपत्रे आणि बाबासाहेबांच्या बाजूची साधने पाहिल्याशिवाय तो फुलवू नये. 1956 च्या नागपूरच्या दीक्षेपर्यंतचा बाबासाहेबांचा प्रवास त्यांच्या स्वतःच्या चिंतनाचा होता. एका तरुण शिक्षकाची भेट त्यात किती जागा घेते याचे प्रमाण राखावे.

वादाचा प्रसंग

ज्येष्ठ आलिमाच्या आयुष्यात एखादा प्रसंग असा असतोच, की ज्यावरून वाचक आधीच मत बनवून बसलेला असतो. अली मियाँ यांच्या बाबतीत तो शाहबानो प्रकरणाचा आहे. येथे लेखकाची कसोटी लागते, आणि माझ्या मते येथेच बहुतेक लेख बिघडतात: एक तर तीन वाक्यांत गुंडाळतात, नाहीतर साऱ्या आयुष्यावर त्याचीच सावली पाडतात.

प्रथम वस्तुस्थिती क्रमाने द्यावी. इंदूरच्या शाहबानो यांना पतीने तलाक दिला; फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली त्यांनी पोटगी मागितली; उच्च न्यायालयाने दरमहा 179 रुपये 20 पैसे ठरवले; आणि 23 एप्रिल 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने पतीचे अपील फेटाळले. निकालात कुराणातील आयतींचा अर्थही लावलेला होता. बोर्डाचा आक्षेप दोन गोष्टींना होता: इद्दतीनंतर, म्हणजे तलाकनंतर स्त्रीने थांबण्याच्या ठरलेल्या मुदतीनंतर, पोटगीची जबाबदारी माजी पतीवर नसते, ती नातेवाइकांवर आणि समाजावर असते, ही त्यांची शास्त्रीय भूमिका, आणि धर्मग्रंथाचा अर्थ न्यायालयाने लावावा का, हा अधिकाराचा प्रश्न. बोर्डाचे अध्यक्ष या नात्याने अली मियाँ यांनी सभा घेतल्या, पंतप्रधान राजीव गांधी यांच्या भेटी घेतल्या, आणि 1986 मध्ये मुस्लिम महिलांसंबंधीचा कायदा संसदेत मंजूर झाला.

मग दुसरी बाजू तितक्याच जागेत द्यावी. ती मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला होता आणि 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले होते. दलवाई 1977 मध्ये गेले, पण शाहबानोच्या वेळी मंडळ निकालाच्या बाजूने उभे राहिले. केंद्रीय मंत्री आरिफ मोहम्मद खान यांनी राजीनामा दिला. स्वतः शाहबानो यांनी दबावाच्या वातावरणात निकाल नाकारणारे निवेदन केले, हेही लिहावे. पुढे 2001 मध्ये दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, मात्र त्यातील ‘वाजवी तरतूद’ ही स्त्रीच्या पुढील आयुष्याचा विचार करून इद्दतीच्या मुदतीत दिली पाहिजे, असा अर्थ लावला. तेव्हा अली मियाँ हयात नव्हते.

लेखकाने स्वतःचे मत द्यावे की नाही? कोशातील नोंदीत देऊ नये. चरित्रलेखात द्यावे, पण ते आपले आहे हे स्पष्ट करून. मला स्वतःला त्या प्रसंगी बोर्डाची भूमिका तलाक मिळालेल्या स्त्रीच्या हालअपेष्टांना पुरेशी भिडली नाही असे वाटते. आणि तरीही, 1974 मध्ये अलाहाबादहून ‘पयाम-ए-इन्सानियत’ ही मोहीम सुरू करून ज्यांनी हिंदू-मुसलमानांच्या एकत्र सभांतून माणुसकीची भाषा गावोगाव नेली, तोच हा माणूस होता हे मला विसरता येत नाही. दोन्ही वाक्ये एकाच लेखात राहू शकतात. एकाने दुसऱ्याला पुसू नये.

माणसे आणि साधने गाठताना

उर्दू वाचता येत नसेल तर जाणकाराला शेजारी बसवून मूळ मजकूर ऐकावा; इंटरनेटवरील यांत्रिक भाषांतरावर एकही तपशील सोडू नये. नदवातून निघणारी उर्दू ‘तामीर-ए-हयात’ आणि अरबी ‘अल-बास अल-इस्लामी’ ही नियतकालिके अशा कामासाठी फार उपयोगी आहेत. मदरशात मुलाखतीसाठी जायचे असेल तर शैक्षणिक वर्ष रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात सुरू होऊन रमजानआधीच्या शाबानमध्ये संपते आणि शुक्रवारी सुट्टी असते, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा. रमजानात मदरसे बंद असतात आणि शिक्षक बाहेरगावी असतात. विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या आठवणी भक्तीने भारलेल्या असतात. त्या टाकू नयेत. ‘त्यांचे विद्यार्थी सांगतात’ असे म्हणून द्याव्यात आणि ज्या गोष्टीला कागदाचा आधार आहे तिच्यापासून वेगळ्या ठेवाव्यात.

मृत्यूची भाषा

एका स्मरणिकेसाठी मी काही वर्षांपूर्वी लिहिलेल्या लेखात संपादनाच्या वेळी एका मौलानांच्या नावाआधी ‘कै.’ छापले गेले. कुटुंबीयांनी तक्रार केली नाही, फक्त त्यांच्या नातवाने मला शांतपणे विचारले, “कैलासवासी म्हणजे कुठे?” तेव्हापासून मी हा भाग स्वतः तपासतो. मुस्लिम व्यक्तीसाठी ‘कै.’, ‘वैकुंठवासी’ किंवा ‘स्वर्गीय’ वापरू नये. वर्तमानपत्री ‘पैगंबरवासी’ हा शब्दही टाळावा, कारण इस्लामी श्रद्धेत तशी कल्पनाच नाही. ‘मरहूम’ किंवा ‘दिवंगत’ म्हणावे, ‘निधन झाले’ किंवा ‘इंतकाल झाला’ लिहावे. अंत्यसंस्कार, समाधी, पुण्यतिथी यांच्या जागी दफन, कबर आणि स्मृतिदिन. उर्दू लेखात नावापुढे येणारे ‘रहमतुल्लाह अलैह’ हे दिवंगतांसाठीचे प्रार्थनावचन आहे, ‘ह.भ.प.’ सारखी पदवी नव्हे. मराठी चरित्रात ते अवतरणाबाहेर वापरण्याची आवश्यकता नाही.

अली मियाँ यांचा शेवट लिहिताना मात्र लेखकाला वेगळे काही रचावे लागत नाही. रमजानचा महिना, शुक्रवार, जुम्याच्या नमाजाआधीची वेळ, गाव तकिया, आणि त्यांच्या सभोवतालचे लोक सांगतात त्याप्रमाणे ओठांवर कुराणातील सूरह यासीन. घराण्याच्या कबरस्तानातच त्यांचे दफन झाले. त्यांच्यानंतर दोन्ही जबाबदाऱ्या एका माणसाकडे गेल्या नाहीत: नदवाचे नाझिमपद मौलाना राबे हसनी नदवी यांच्याकडे आले आणि बोर्डाचे अध्यक्षपद मौलाना मुजाहिदुल इस्लाम कासमी यांच्याकडे. 2002 मध्ये कासमी यांचे निधन झाल्यावर तेही राबे हसनी यांच्याकडे आले आणि एप्रिल 2023 मधील त्यांच्या निधनापर्यंत राहिले. उत्तराधिकाराचा हा तपशील लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात द्यावा, आणि छपाईला पाठवण्याआधी तो कच्चा मसुदा दोन माणसांना वाचायला द्यावा: एक जण मदरशात शिकलेला, आणि एक जण त्या मौलानांच्या मतांशी सहमत नसलेला. पहिला नावे, बिरुदे आणि हिजरी तारखा दुरुस्त करील. दुसरा वादाच्या प्रसंगात आपण कोणाला कमी जागा दिली ते दाखवील.